फक्कीची बाग

"ताई, डबा संपला. आणखी फक्की हाय का?"

सिद्धूतात्या खालून ओरडला तेव्हा मी शाळेच्या गच्चीच्या कठड्याला टेकून माझी बाग बघत होते. तीन आठवडे जी नुसती आलेखाच्या कागदावर होती ती आज शाळेमागच्या सहा गुंठ्यांत उतरली होती. काळ्या मातीवर चुन्याच्या फक्कीची पांढरीशुभ्र रेघ. फाटकापासून निघून वळत वळत जाणारी, मधे वाफ्यांचे गोल, कडेला नळाचा कट्टा, पुन्हा फाटक. वरून ते एखाद्या पानासारखं दिसत होतं, शिरांसकट. बॉटनी घेऊन बी.एस्सी. झाल्याला दहा वर्षं होऊन गेली होती. त्या शिक्षणाचं काहीतरी जमिनीवर दिसायची ही पहिलीच वेळ.

"आहे, खोलीत पोतं आहे," मी म्हटलं. "तात्या, एकदा वर या ना. काय सुंदर दिसतंय!"

"मी कशाला बघू? माज्याच हातची हाय की." तो डबा आपटत खोलीकडे गेला.

तात्या शाळेचा माळी. त्या दिवशी त्याला दुप्पट फक्की लागली, कारण फाटकाजवळची वाट सकाळीच बदलावी लागली होती. आदल्या दिवशी आम्ही ती फाटकापासून सरळ नेली होती, पण तिथे कुदळ मारताच जुन्या मोरीचं चेंबर लागलं. मग तात्याने त्या रेघा झाडूने पुसल्या आणि वाट फाटकातून लगेच उजवीकडे, भिंतीच्या कडेने वळवली. उरलेलं पान तसंच राहिलं.

ही सात वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. मिरजेच्या बाहेर अंध मुलांची शाळा आहे, आठ वर्षांच्या मुलांपासून अठरा-एकोणीस वर्षांपर्यंतच्या पोरापोरींची. माझी ऋजुता आदल्या जूनपासून तिथे जायला लागली होती. तिला डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजर हळूहळू जाईल, किती हळू ते सांगता येत नाही. मी त्यातलं 'हळूहळू' तेवढं धरून ठेवलं होतं. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, रिक्षावाल्यालासुद्धा मी सांगायचे, "तिला थोडं दिसतं." रोज सकाळी खिडकीत तिची वेणी घालून झाली की तिच्यासमोर बोटं धरायची. किती? दोन. आता? पाच. आता? तीन. तिचं एकही उत्तर चुकायचं नाही, आणि माझा दिवस बरा जायचा.

तिला शाळेत सोडून मी घरी जात नसे. व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर साडेदहा ते पाच बसून राहायचे. ती जिन्यावरून उतरताना दिसली की अर्धवट उठायचे आणि पुन्हा बसायचे. मुख्याध्यापिका बिडकर मॅडमनी ते सहा महिने सोसलं. मग एक दिवस माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तेजस्विनी, बॉटनी ना तुमची?"

"हो मॅडम."

"मग इथं खुर्ची झिजवण्यापेक्षा मागची जागा बघा. मुलांना हात लावता येईल, हुंगता येईल, ऐकता येईल अशी बाग हवीय मला. आणि लवकर हवीय. शेजारचं मंगल कार्यालय गाड्या लावायला तीच जागा मागतंय. आण्णा मगदूम पुढच्या महिन्यात एका शनिवारी येणार आहेत. त्यांना बाग दाखवता आली तर बाग, नाहीतर फरशी."

आण्णा मगदूम संस्थेचे अध्यक्ष होते. गुळाचे मोठे व्यापारी, आणि त्यांनी एकदा नाही म्हटलं की विषय संपायचा.

मी कामाला लागले. हुंगायला गवती चहा, मरवा, ओवा. हाताला पानफुटी आणि मऊ लवेच्या पानांची झाडं. कानाला वेळू. आणि मॅडमनी न सांगितलेलं एक काम मी केलं. मधल्या गोलात पिवळाधमक झेंडू, त्याच्याभोवती लालभडक जास्वंद, कडेला पांढरी सदाफुली. डोळ्यांत भरतील असे रंग. बाग साठ मुलांची होती, पण आखताना माझ्यासमोर एकच चेहरा होता. काट्याचं एकही झाड ठेवायचं नाही असंही मी ठरवलं होतं. कोपऱ्यातली बोर तोडायला लावणार होते.

फक्की मारली त्याच दिवशी, शुक्रवारी, मधल्या सुट्टीत मॅडमनी मोठ्या वर्गातली बारा मुलं बोलावली. "ज्यांची बाग त्यांना आधी दाखवा," त्या म्हणाल्या. मी ऋजूलाही घेतलं. मुलं एकमेकांच्या खांद्याला धरून फाटकातून आत आली आणि उभी राहिली. मी घसा साफ केला.

"तर ही आपली बाग."

मग पुढची मुलगी, रुबिना, मान जरा तिरकी करून म्हणाली, "कुठाय काकू?"

रुबिना सोळा वर्षांची. तिचं घर सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत. भोपळ्यावर टिचकी मारून तो वाळलाय की नाही ते सांगायची, आणि माणसांनाही तशाच टिचक्या मारायची.

"तुम्ही सगळे तिच्यावरच उभे आहात," मी म्हटलं. "हे सगळं आखलेलं आहे. इथून वाट, तिथे वाफे…"

"कशानं आखलंय?"

मी तात्याकडे बघितलं. तात्याच्या हातातला डबा हातातच राहिला.

"फक्कीनं," तो हळूच म्हणाला.

"फक्की?" मागून एक मुलगा म्हणाला. "ती क्रिकेटच्या मैदानावर मारतात ती?"

"व्हय."

आधी रुबिना हसली. मग सगळे. असे हसले की एकाने दुसऱ्याला धरलं आणि दोघेही माझ्या जास्वंदीच्या वाफ्यात बसले. "काकूंनी आंधळ्यांसाठी पांढरी बाग काढली!" "ए, तुझ्या पायाखाली गुलाब आहे, उठ!" "तात्या, तुम्ही पण का ओ?" तात्या डोक्यावरची टोपी काढून डोकं खाजवत होता. चोवीस वर्षं तो त्या शाळेत माळी होता आणि आयुष्यभर वाफे असेच आखत आला होता. बिडकर मॅडम दुसरीकडे बघायला लागल्या. त्यांचेही खांदे हलत होते.

मला जमिनीत जावंसं वाटलं. आणि त्यातून सुटायला म्हणून मी जे करायला नको होतं ते केलं.

"सगळ्यांना नाही दिसणार, बरोबर आहे," मी म्हटलं. "पण थोडं दिसणारी मुलंही आहेत ना. ऋजू, तुला दिसतायत ना रेघा?"

हसणं थांबलं. ऋजू माझ्या डाव्या हाताला उभी होती.

"हो," ती म्हणाली. "पांढऱ्या आहेत. पानासारखं आहे."

"बघा," मी म्हटलं.

"मग चालून दाखव की," रुबिना म्हणाली. "आम्ही तुझ्या पावलांचा आवाज ऐकतो. वाट कळेल तरी."

ऋजूने माझा हात सोडला आणि निघाली. सरळ. ताठ मानेने, पावलं मोजल्यासारखी टाकत. एक, दोन, तीन. पांढरी वाट तिच्या उजव्या हाताला भिंतीकडे वळून गेली होती आणि ती मोकळ्या काळ्या मातीतून सरळ चालली होती. अकरा पावलं. मग ती डावीकडे वळली. तिथे एका वाफ्याची रेघ होती, ती तिच्या सँडलखाली पुसली गेली.

ती कालची वाट चालत होती. काल जेवताना मी तिला सांगितलेली. फाटकातून अकरा पावलं सरळ, मग डावीकडे. सकाळी आम्ही ती बदलल्याचं तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

"बरोबर ना काकू?" रुबिनाने विचारलं.

बारा मुलं कान देऊन उभी. मॅडम फोनवर बोलायला बाजूला गेलेल्या. जे काही दिसलं ते फक्त मला आणि तात्याला. तात्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली.

"बरोबर," मी म्हटलं. मी नळाच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने तात्या तांब्या घेऊन आला. "पानी घ्या ताई." मग माझ्याकडे न बघता मुलांना म्हणाला, "फक्कीचं ऱ्हाऊ द्या. कशानं आखू ते तुमीच सांगा."

"दोर टाका," रुबिना म्हणाली. "काथ्याचा. जाड. पायाला लागला पाहिजे."

"मांडववाल्याकडं हाय. आणतो."

"आणि टाकायचा आम्ही. तुम्ही नाही."

दुपारचे तास मॅडमनी रद्द केले. दोराची वेटोळी आली आणि बारा जणं अनवाणी त्या मातीत उतरली. पुढे एक जण दोर सोडत जायचा, मागून बाकीचे तो पायाने चाचपत यायचे, आणि दर चार पावलांवर भांडण. "इतकं वाकडं कशाला? आपण काय साप आहोत?" "इथं खडी पाहिजे. कुणी आलं तर कळायला." "इथं उतार असाच राहू दे, पायाला बरं वाटतं." माझं पान तासाभरात मोडलं. मधला झेंडूचा गोल गेला. "झेंडू हवाय, पण कडेला. वास उग्र असतो, शेवट आला हे कळेल," एक मुलगा म्हणाला, आणि ते इतकं खरं होतं की बॉटनीच्या तीन वर्षांत मला ते सुचलं नसतं.

मी फक्त बोरीबद्दल बोलले.

"ती तोडायचीय. काटे आहेत."

"आहेत की," रुबिना म्हणाली. "बोरं पण आहेत. तोडू नका काकू. वाट तिच्याखालनंच न्यायची आहे आम्हाला."

"लागेल कुणालातरी."

"लागू दे. एकदा लागलं की जागा कळते."

ऋजू दोराचं दुसरं टोक धरून होती. तिच्या गुडघ्यापर्यंत माती होती. माझ्याकडे तिने एकदाही तोंड वळवलं नाही.

संध्याकाळी स्कूटरवरून येताना ती नेहमीसारखी मागे कंबरेला धरून बसली होती. रेल्वे फाटक बंद होतं. मी स्कूटर बंद केली.

"ऋजू, मधल्या सुट्टीत तुला रेघा दिसल्या होत्या?"

मालगाडी जात होती. शेवटचा डबा गेल्यावर ती म्हणाली,

"नाही."

"काहीच नाही?"

"ऊन कळतं. तेवढंच."

"कधीपासून?"

"दिवाळीत फुलबाजी दिसली नाही ना, तेव्हापासून."

दिवाळीत ती माझ्याशेजारी उभी राहून फुलबाजी गोल फिरवत होती. मी तिचे फोटो काढले होते.

"पण रोज सकाळी तू बोटं बरोबर सांगतेस."

"आई, तू रोज आधी दोन दाखवतेस. मग पाच. मग तीन. एकदा तू चार दाखवली असतीस तर मी चुकले असते. पण तू दाखवलीच नाहीस कधी."

फाटक उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या आणि माझा हात चावीवर होता, पण फिरत नव्हता.

"मला का नाही सांगितलंस बाळा?"

"तू मग जेवत नाहीस," ती म्हणाली. "आई, फाटक उघडलंय. चल ना."

शनिवारी सकाळी मी तिची वेणी घातली आणि बोटं दाखवली नाहीत. वेणी झाल्यावर ती सवयीने क्षणभर थांबली, आणि मग उठून गेली.

आण्णा मगदूम दहा वाजता आले. पांढरा सदरा, पांढरी विजार, पायात काळे चकचकीत पंप. बरोबर संस्थेचे सचिव, हातात मंगल कार्यालयाचं पत्र. बिडकर मॅडमनी त्यांना फाटकाशी आणलं. मी आणि तात्या नळापाशी उभे होतो, मुलं भिंतीशी रांगेत.

"कुठाय बाग?" आण्णा म्हणाले. "दोर पडलाय नुसता."

"आखणी आहे आण्णा," मॅडम म्हणाल्या. "मुलं दाखवतील. रुबिना, ये."

"मी नाही मॅडम," रुबिना म्हणाली. "ऋजू दाखवेल. दोराचं टोक तिनंच धरलं होतं, तिला सगळी पाठ आहे."

माझा पाय पुढे पडला. सगळ्यांत लहान ती, कालच आखलेली वाट, उतार, चेंबर, बोर. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या नुसत्या बघत होत्या, अडवत नव्हत्या. अडवलं असतं तर बरं झालं असतं. मी मागे कट्ट्याची कड धरली आणि धरूनच राहिले.

ऋजू पुढे आली. आण्णांच्या आवाजाच्या दिशेने तोंड वर करून म्हणाली, "आण्णा, पंप काढा."

"मी?"

"हो. नाहीतर दोर कळत नाही."

सचिव हसले. आण्णांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग वाकून पंप काढले.

"आता माझ्या कोपराला धरा. पुढं मी, मागं तुम्ही."

"अगं, पण तुला थोडं दिसतं ना? बाई म्हणत होत्या." आण्णांनी मॅडमकडे मान वळवली. ते कुठून आलं ते मला माहीत होतं. मीच मॅडमना सांगितलं होतं, दर आठवड्याला.

"नाही," ऋजू म्हणाली. खणखणीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मला दिसत नाही. म्हणून तर मला वाट माहीत आहे. चला."

आणि ती निघाली. मागे तिच्या कोपराला धरून एवढा मोठा माणूस, किंचित वाकलेला, एकेक पाऊल चाचपत. "आता उतार आहे, घाबरू नका." "इथं खडी येणार आहे, कोण आलं ते कळायला." "इथं थांबा. काय ऐकू येतं?"

"काही नाही."

"नीट ऐका."

आण्णांनी डोळे मिटले. "नळ गळतोय कुठंतरी."

"हां. म्हणजे पाणी डाव्या हाताला. रस्त्याचा आवाज उजव्या हाताला. आता तुम्ही इथं एकटे आलात तरी चुकणार नाही."

तात्या माझ्या शेजारी पुटपुटला, "नळाचा वायसर बदलायचा ऱ्हायलाय. आता ऱ्हाऊ दे तसाच."

ती दोघं बोरीखाली पोचली. ऋजूने हात वर केला, फांदी चाचपली, आणि मला इथून दिसलं की हात झटकन मागे आला. बोटावर लाल ठिपका. माझ्या मुठीखाली कट्ट्याचं सिमेंट होतं, ते मी इतकं दाबलं की तळव्यावर त्याचे वळ दुपारपर्यंत राहिले. ती बोट तोंडात घालून चोखत होती. मग तोच हात पुन्हा वर गेला, या वेळी अंमळ खालून, आणि परत आला तेव्हा मुठीत दोन बोरं होती.

"टोचलं की गं," आण्णा म्हणाले.

"टोचतं. हे घ्या. एक तुम्हाला, एक मला."

ते तिथेच, बोरीखाली, अनवाणी उभे राहून बोर खाऊ लागले. बी कुठे टाकावी ते त्यांना कळेना, शेवटी हातातच ठेवली. फेरी पूर्ण करून परत आल्यावर ते कट्ट्यावर बसून तळपायातला काटा काढू लागले. सचिव पत्र पुढे करून म्हणाले, "आण्णा, ते पार्किंगचं काय कळवायचं?"

"गाड्या काय, कुठंही लागतात," आण्णा काट्याकडे बघत म्हणाले. "बिडकर बाई, ही कुणाची मुलगी?"

मॅडम काही बोलायच्या आत मी म्हटलं, "माझी."

मी ते इतक्या मोठ्याने म्हटलं की भिंतीशी उभी असलेली रुबिना फिसकन हसली. मी आणखीही काहीतरी म्हणणार होते. सहा महिने प्रत्येक वेळी या शब्दामागून जे वाक्य आपोआप यायचं ते जिभेवर आलंच होतं. ते मी गिळलं. माझी, एवढंच ठेवलं.

आण्णा गेले. मुलं वर्गात गेली. तात्याने कुदळ आणली आणि दोराला धरून पहिला घाव घातला. ऋजू अजून फाटकाशी उभी होती, तोंडात बोराची बी घोळवत.

"आई, तू चप्पल घातलीयस?"

"हो."

"काढ. तू अजून एकदाही चालली नाहीस."

मी चप्पल काढली. जानेवारीची माती गार होती. मी तिच्या कोपराला धरलं, आणि तिच्यासारखंच अनुभवावं असं वाटून डोळे मिटून घेतले. दोन पावलं गेलो तोच ती थांबली.

"डोळे मिटलेस ना?"

"तुला कसं कळलं?"

"कोपर केवढं दाबतेयस! उघड डोळे. तुला सवय नाही, पडशील."

मी डोळे उघडले. तिचं कोपर मात्र सोडलं नाही. ती पुढे चालली होती.